लॅपटॉपचा स्वेटर

भाषांतरकाराचा लॅपटॉप तापायला लागला, तेव्हा घरातल्या तिघांनी त्याच्याकडे तीन तऱ्हांनी पाहिलं. सासूबाईंनी पालथा हात लावला आणि कणकण आहे असं निदान केलं. बायको म्हणाली, आधी त्याचा स्वेटर काढ. आणि खुद्द भाषांतरकाराने, दुखणं अंगावर काढण्याची जी पुरुषांची थोर परंपरा आहे तिला जागून, आपोआप बरं होईल असं ठरवलं.

आपोआप ते वाढलं. लॅपटॉप आधी घरघर करू लागला, मग वाक्याच्या ऐन मध्यावर डोळे मिटू लागला. क्रियापद यायच्या आत पडदा काळा. भाषांतरकार मग हात मांडीवर ठेवून तो निवायची वाट बघत बसे, आणि आतल्या खोलीतून सासूबाई विचारत, “उतरला का हो?”

स्वेटरचं काय ते कळायला आधी भाषांतरकाराचा धंदा कळायला हवा. विजेच्या उपकरणांबरोबर खोक्यात जी माहितीपुस्तिका येते, ती तो परक्या भाषेतून आपल्या भाषेत आणत असे. लोक खोकं उघडतात, थर्माकोल पुढेमागे लागेल म्हणून माळ्यावर जपून ठेवतात आणि पुस्तिका फेकून देतात. ही फेकून द्यायची वस्तू बिनचूक करण्यात त्याने ऐन उमेदीची वर्षं घालवली. निदान सुरुवातीची. पुढे त्याच्या लक्षात आलं, की प्रत्येक पुस्तिकेच्या शेवटी ‘निगा’ नावाचं एक पान असतं, आणि जगातल्या सगळ्या वस्तूंची निगा साधारण सारखीच असते. पुसा, जपा, पाडू नका. तेव्हापासून त्याने आपल्या पहिल्या कामातलं, म्हणजे एका शिलाई मशीनच्या पुस्तिकेतलं निगेचं पान उचलून सगळीकडे चिकटवायला सुरुवात केली.

पान होतंही देखणं. “यंत्र मऊ, कोरड्या फडक्याने पुसावे. दर पंधरवड्यास फिरत्या भागांत उत्तम तेलाचे दोन थेंब सोडावेत. धूळ व गारवा बाधू नये म्हणून यंत्र जाड आवरणाने झाकावे.” हे पान मिक्सरला लागलं, इस्त्रीला लागलं, वजनकाट्याला लागलं, दाराच्या घंटीला लागलं. घंटीत तेल नेमकं कुठे सोडायचं, असं विचारायला एकही माणूस आला नाही. मग एकदा लॅपटॉपची पुस्तिका आली आणि तिलाही तेच पान लागलं. कंपनीने ते बिनबोभाट छापलं. कारण पुस्तिका कंपनीतही कोणी वाचत नसे.

जगात तिचा एकच वाचक होता. सासूबाई.

सासूबाई लेकीकडेच राहत आणि जावयाचं समग्र लेखन वाचत. खोकी घरात येत नसली तरी पुस्तिकेची एक प्रत भाषांतरकाराला येई, ती त्या चष्मा पुसून, पहिल्या पानापासून, विजेच्या धक्क्याच्या इशाऱ्यासकट वाचत. बाकीचे लेखक नुसतं काय झालं ते सांगतात, आमचे जावईबापू काय करायचं ते सांगतात, असं त्यांचं मत होतं आणि ते त्या शेजारी ऐकवत. वर, सांगितलेलं त्या करत. घरातल्या मिक्सरला स्वेटर होता. इस्त्रीला कानटोपी होती. वजनकाट्यावर पाय ठेवण्यापूर्वी त्याचं पांघरूण काढावं लागे, नाहीतर पांघरुणाचं वजन आपल्या नावावर लागे. दाराची घंटी दाबली की बोट बुळबुळीत होई. त्याबद्दल भाषांतरकार वर्षानुवर्षं दूधवाल्याला दोष देत आला होता.

लॅपटॉप घरात आला तेव्हा सासूबाईंनी टेप घेऊन माप काढलं आणि मरून लोकरीचा, दुहेरी विणीचा स्वेटर विणला. पडद्याला गळा, कळांना खिडकी, चार्जरच्या वायरीला एक बाही, आणि खालून टेबलाचा गारठा लागू नये म्हणून पोटाला अस्तर. हा काम चालू असतानाही घालायचा का, असं लेकीने विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “का? माणूस काम करताना कपडे काढून बसतो?” जावयाने आभार मानले. सासूला नाही म्हणायची एक वेळ असते, आणि ती आभार मानायच्या आधी असते.

हे असंच चालत राहिलं असतं. पण कंपनीच्या बाईंचा निरोप आला. कंपनीच्या सगळ्या पुस्तिकांचा कारभार या बाईंकडे होता. येत्या वर्षाच्या सगळ्या पुस्तिका एकाच भाषांतरकाराला द्यायच्या ठरल्या होत्या, आणि तो माणूस बाई व्हिडिओ कॉलवर बोलून निवडणार होत्या. काम मिळालं तर वर्षभराची ददात मिटणार होती. नाही मिळालं तर मेहुण्याचं दुकान होतंच.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं नळ, बेसिन आणि कमोडचं दुकान होतं. मनाने सोन्यासारखा माणूस, आणि सोन्यासारखी माणसं करतात तसं त्याने न विचारताच भाऊजींसाठी गल्ल्याशेजारी एक फिरती खुर्ची आणून ठेवली होती. “कधीही या, भाऊजी. तुमचीच आहे,” असं तो प्रत्येक भेटीत म्हणे आणि खुर्चीला एक गिरकी देऊन दाखवी. भाषांतरकाराला ती खुर्ची स्वप्नात दिसे. समोर ओळीने मांडलेले पांढरेशुभ्र कमोड, झाकणं वर करून, सगळ्यांनाच काहीतरी विचारायचं आहे असे.

तेव्हा लॅपटॉप बरा होणं भाग होतं. बायकोने त्याला पिशवीत घातलं आणि नवऱ्याला जवळपास बखोटीला धरून दुरुस्तीवाल्याकडे नेलं.

दुरुस्तीवाला कपाळाला दिवा बांधून बसे आणि गिऱ्हाइकांशी पेशंटच्या नातेवाइकांशी बोलावं तसं हळू आवाजात बोले. “घरी याचं कोण करतं?” त्याने विचारलं. मीच, असं भाषांतरकार म्हणाला. दुरुस्तीवाल्याने स्वेटर दोन बोटांत धरून उतरवला आणि हे काय आहे, असं नुसतं भुवईनेच विचारलं.

“घरचं आहे,” भाषांतरकार ताठ मानेने म्हणाला. बायको छताकडे बघू लागली.

स्क्रू निघाले, पाठ उघडली, आणि दुरुस्तीवाल्याने चिमट्याने पंख्यापासून एक गोळा ओढून काढला. त्यात धूळ होती, मरून लोकर होती, आणि ही दोन्ही एकमेकांना सोडू नयेत इतकं तेल होतं. तो तिकडे गादीसारखा घट्ट बसला होता. गरम हवेला बाहेर पडायची वाटच उरली नव्हती.

“याला तेल कोण घालतं?”

भाषांतरकाराला हा प्रश्न मानहानीचा वाटला. लॅपटॉपला तेल घालणारा माणूस आपण दिसतो का, असं त्याने विचारलं, आणि शिवाय सांगितलं, की लॅपटॉपच्या निगेवर त्याचं स्वतःचं छापील लेखन आहे. दुरुस्तीवाला वरमला. त्याने गोळ्याचा वास घेतला, डोळे मिटले, बराच वेळ विचार केला आणि शेवटी म्हणाला, की आतूनच सुटलं असेल. वय झालं की सुटतं.

मग त्याने ब्रशने जाळी झाडली, प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली पेस्ट खरवडून नवी लावली आणि लॅपटॉप चालू केला. पंखा दोनदा खोकला आणि गप्प झाला. दुरुस्तीवाल्याने कपाळावरचा दिवा बंद केला. पंखा गेलाय, बोर्डही भाजलाय, यावर आता खर्च करण्यात अर्थ नाही, असं त्याने दोघांना बाजूला घेऊन सांगितलं. “मी त्याच्यासमोर बोललो नाही,” असंही तो म्हणाला.

मग दुसरा घेणं आलं. नवाकोरा खिशाला झेपणार नव्हता. पण दुरुस्तीवाल्याकडे फळीवर वापरलेले, तपासून ठेवलेले लॅपटॉप होते, आणि ते बघायला दुसऱ्या दिवशी सगळं घर गेलं. सासूबाई टेप घेऊन आल्या. मेहुणा बोलावलं नसताना आला, कारण खरेदी म्हटल्यावर त्याला राहवत नसे.

पहिला लॅपटॉप कागदासारखा पातळ आणि देखणा होता. बायकोला तो आवडला. भाषांतरकाराने किंमत विचारली आणि मग त्याला तो आवडेनासा झाला. मेहुण्याने त्याच्या पोटावर टिचकी मारून आवाज ऐकला आणि पत्रा हलका आहे, पाण्याचा दाब सोसायचा नाही, असं सांगितलं. याला पाणी लावायचं नसतं, असं बायको म्हणाली. “ताई, सगळ्याला कधी ना कधी पाणी लागतंच,” असं तो अनुभवाने म्हणाला. दुसरा स्वस्त होता, पण त्याची बॅटरी फुगून झाकण नीट बसत नव्हतं, जेवून उठलेल्या माणसासारखं. तो राहू दे, असं दुरुस्तीवालाच म्हणाला. तिसरा जाड, वजनदार आणि असल्या रंगाचा होता, की चोरानेही हात लावला नसता. आधीचा मालक त्यावर फक्त पत्ते खेळे, तेही एकटाच. त्यामुळे आतून तो कोराच होता. आणि पंखा चांगला दांडगा होता.

सासूबाईंनी पालथा हात लावून पाहिला. “गार आहे हो अगदी,” त्या काळजीने म्हणाल्या.

तोच घेतला. दुरुस्तीवाला पावती करता करता पथ्यपाणी सांगू लागला. खालच्या फटी मोकळ्या ठेवा, गादीवर किंवा उशीवर ठेवू नका, मागून थोडा उचलून ठेवा, अधूनमधून जाळीवरची धूळ कोरड्या ब्रशने झाडा. भाषांतरकार माना डोलावत होता. त्याच्या पाठीमागे सासूबाई त्या लॅपटॉपची छाती, कंबर आणि खांदा मोजत होत्या.

हिरवा स्वेटर मुलाखतीच्या आधी तयार झाला. या वेळी वीण तिहेरी होती, कारण पहिला बिचारा गारठ्यानेच गेला, अशी सासूबाईंची खात्री पटली होती.

“तू सांगतोस की मी सांगू?” बायकोने स्वयंपाकघरात दबक्या आवाजात विचारलं.

“तूच सांग. तुझी आई आहे.”

“तुझी वाचक आहे.”

हे इतकं खरं होतं, की सांगणं पुढे ढकललं गेलं. भाषांतरकार एरवी स्वेटर गुपचूप काढून काम करी आणि बाहेर पावलं वाजली की घाईघाईने चढवी. पण मुलाखतीच्या दिवशी सासूबाई सकाळपासून त्याच खोलीत, कॅमेऱ्यात येणार नाही अशा कोपऱ्यात, धीर द्यायला बसून होत्या. तो लवकर उठला होता, लवकर आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. लॅपटॉपही हिरव्या स्वेटरात नीटनेटका दिसत होता.

बाई पडद्यावर आल्या. आखूड केस, थकलेला चेहरा, मागे कपाटात पुस्तिकांच्या चळती. त्यांनी आतापर्यंतच्या कामाबद्दल विचारलं, त्याने सांगितलं. सगळं ठीक चाललं होतं. फक्त लॅपटॉपचा दांडगा पंखा स्वेटराच्या आत हळूहळू वरची पट्टी पकडू लागला होता.

“तुमच्या घराजवळ विमानतळ आहे का?” बाईंनी विचारलं.

नाही, असं भाषांतरकार म्हणाला आणि लगेच त्याला वाटलं, हो म्हणायला हवं होतं.

बाईंनी तो विषय सोडला आणि परीक्षेचा प्रश्न घातला. समजा लॅपटॉपची पुस्तिका आहे. तिच्यातलं निगेचं पान तोंडी सांगा, घरातल्या कोणालाही समजेल असं. भाषांतरकाराचा जीव भांड्यात पडला. जगात जर काही त्याला झोपेतून उठवल्यावरही म्हणता येण्यासारखं असेल, तर ते हेच होतं. त्याने घसा साफ केला आणि सुरुवात केली. “यंत्र मऊ, कोरड्या फडक्याने पुसावे. दर पंधरवड्यास…”

“…फिरत्या भागांत उत्तम तेलाचे दोन थेंब सोडावेत,” असं त्याच्याबरोबर आणखी कोणीतरी म्हणत होतं. शाळेत कविता म्हणतात त्या चालीवर.

“तुमचा आवाज घुमतोय,” बाई म्हणाल्या.

भाषांतरकाराने मान वळवली. सासूबाई लांब चोचीची तेलाची कुपी घेऊन त्याच्या खांद्याशी उभ्या होत्या. “तुमचं चालू द्या, जावईबापू,” त्या कुजबुजल्या. “एरवी तुम्ही आंघोळीला गेलात की उरकते. आज तुम्ही पहाटेच आटोपलंत, ते राहूनच गेलं. पंधरवडा भरलाय.” आणि त्यांनी कुपीची चोच लॅपटॉपच्या मागच्या फटीवर नेली.

भाषांतरकाराने हात पुढे केला. दोन थेंब त्याच्या तळहातावर पडले.

तेवढ्या वेळात त्याला सगळं एकदम कळलं. पंख्यातला गोळा कळला, घंटीचं बटण कळलं, इस्त्रीनंतर शर्टाच्या कॉलरवर उमटणारे डाग कळले, दूधवाल्याची निर्दोष मुक्तता झाली. आणि हेही कळलं, की आता गप्प राहावं तर तेल आत जाणार, आणि बोलावं तर ते बाईंच्या देखत बोलावं लागणार. खुर्ची त्याच्या डोळ्यांपुढे गिरकी घेऊन गेली. सासूबाई कुपी सरळ करून, चुकलेले थेंब पुन्हा सोडायच्या तयारीत होत्या.

“आई,” तो म्हणाला, “ते पान शिलाई मशीनचं आहे.”

“कुठलं पान?”

“निगेचं. मी पहिल्यांदा शिलाई मशीनसाठी केलं होतं. मग तेच सगळ्यांना लावलं.”

सासूबाईंनी कुपी खाली घेतली. पडद्यावर बाई ऐकत होत्या.

“इस्त्रीला?”

“हो.”

“घंटीला?”

“हो, आई.”

सासूबाईंनी हिरव्या स्वेटरकडे पाहिलं. त्यांना पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता, हे दिसत होतं, आणि तरी त्यांनी तो विचारला. “म्हणजे झाकायचंही नाही?”

“नाही. त्याला हवा लागते.”

याला दुजोरा म्हणूनच की काय, लॅपटॉपने एक लांब उसासा सोडला आणि पडदा काळा झाला. बाईंचा चेहरा तोंड अर्धवट उघडलेल्या अवस्थेत मावळला.

बायको दारात येऊन उभी राहिली, आणि तिने नवऱ्याच्या तेलकट हाताकडे, मग आईच्या कुपीकडे पाहिलं. भाषांतरकाराने हात पुसला आणि चपला कुठे आहेत असं विचारलं. भावाला फोन करून सांग, असं तो तिला म्हणाला, खुर्ची पुसून ठेव म्हणावं.

सासूबाई मात्र कामाला लागल्या होत्या. तापाने फणफणलेल्या लेकराचा अंगरखा काढावा तसा त्यांनी स्वेटर सोडवला, आधी बाही, मग गळा, आणि लॅपटॉप खिडकीपाशी उघड्या अंगाने ठेवला. “आधी बोलायचं नाही का,” त्या म्हणाल्या. “मी तिहेरी विणत बसले. चष्म्याचा नंबर वाढला माझा.” त्या रागावल्या होत्या, पण जावयावर रागवायची सवय नसल्यामुळे तो राग कुठे ठेवावा हे त्यांना सुचत नव्हतं. शेवटी तो त्यांनी मिक्सरवर काढला. त्याचाही स्वेटर उतरला.

तेवढ्यात भाषांतरकाराचा फोन वाजला. बाईंचा होता. त्याने उभं राहून घेतला आणि क्षमा मागायला सुरुवात केली. पण बाईंना त्याच्याशी बोलायचं नव्हतं. मागे ज्या बोलत होत्या त्यांना द्या, असं त्या म्हणाल्या.

पुढचं संभाषण घराला एकाच बाजूने ऐकू आलं. सासूबाई आधी अवघडून, मग खुर्ची ओढून, आणि मग पाय वर घेऊन बोलल्या. हो, सगळ्या वाचते. हो, इशाऱ्यांसकट. करायचं म्हणजे, छापलंय म्हटल्यावर करायला नको का? तुम्हीच छापलंत. नाही, घंटी वाजते अजून, जरा घसरते. हेअर ड्रायरच्या पुस्तिकेत आठवी आकृती उलटी आहे, ते मात्र तुम्ही बघा. यावर सासूबाई फोन कानाला लावून थांबल्या. बाई बहुधा आठवी आकृती बघत होत्या.

मग फोन भाषांतरकाराकडे आला. बाईंचा आवाज बदलला होता. नोकरीच्या उभ्या हयातीत आपल्याला वाचक कधी भेटला नव्हता, असं त्या म्हणाल्या; वाचक असतो असं ऐकून होते, पण अशा गोष्टी लोक बोलतात. काम त्यालाच द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. अट एकच. इथून पुढे प्रत्येक पुस्तिकेचं प्रत्येक पान स्वतंत्र लिहायचं, आणि छापायला देण्याआधी ती सासूबाईंना द्यायची. त्या लिहिल्याप्रमाणे सगळं करून बघतील. घर शाबूत राहिलं तर छपाई.

“तुमच्या भाषेबद्दल माझी तक्रार नाही,” बाई शेवटी म्हणाल्या. “ती लोकांना समजते. तीच भीती आहे.”

पहिली पुस्तिका लॅपटॉपचीच आली. भाषांतरकार निगेचं पान लिहायला बसला आणि सगळी दुपार बसला. लॅपटॉप मागून उचललेला होता, त्याच्या फटी मोकळ्या होत्या आणि पंखा कोणाच्या अध्यात ना मध्यात असा फिरत होता. सासूबाईंनी पहिला मसुदा परत केला. हवा खेळती ठेवावी म्हणजे काय ठेवावं, असं त्यांनी विचारलं. दुसराही परत केला. तिसरा वाचून त्यांनी लॅपटॉपला पालथा हात लावला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाल्या, “उतरला.”

मग त्या घुटमळल्या. मरून स्वेटर त्यांच्या हातात होता, धुऊन घडी घातलेला.

“वापरात नसलेली वस्तू झाकून ठेवावी,” त्यांनी विचारलं, “हे तरी खरं ना?”

भाषांतरकाराने प्रामाणिकपणे विचार केला. हे खरं, असं तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो मेहुण्याच्या दुकानावरून गेला. मेहुण्याने आतूनच हात केला. पण या म्हणाला नाही. गल्ल्याशेजारची फिरती खुर्ची मरून लोकरीत गुरफटून भिंतीकडे तोंड करून उभी होती. स्वेटर तिच्या पाठीला अगदी बेतल्यासारखा बसला होता. चार्जरच्या वायरीची बाही तेवढी रिकामी लोंबत होती.